कडक वॉल्व्ह स्प्रिंगा टाकल्या तर टायमिंग चेन टिकेल का?

मानेवाडा_२२३
दादा लोक, जुन्या करिझ्मा बाइकच्या इंजिनच्या हेडचं काम करून राहिलो. जास्त लिफ्टचा, म्हणजे वॉल्व्ह जास्त उघडणारा कॅम घेतला, सोबत कडक वॉल्व्ह स्प्रिंगा. इंजिन साडेसात हजार आरपीएमपर्यंत ओढते, नऊ हजारांपर्यंत न्यायचं आहे. गॅरेजवाले काका म्हणतात, क्रँकवरून कॅम फिरवणारी ही चेन महिनाभरात तुटेल. खरंच तुटते का? गाडी रोज ऑफिसला जाते, रविवारी रामटेक.

हिंगणा_लेथ
माझ्याकडे हेडच्या कामासाठी उघडून येणाऱ्या इंजिनांत तुटलेली चेन क्वचितच दिसते. खाल्लेल्या असतात गाइडच्या पट्ट्या, ज्यांवरून चेन घासत जाते, आणि चेन ताणून धरणारा टेन्शनर शेवटच्या दातावर येऊन बसलेला असतो. काकांची काळजी खरी आहे, बोट फक्त चुकीच्या पार्टकडे आहे.

लोब, म्हणजे कॅमचा फुगवटा, वॉल्व्ह उघडतो तेव्हा स्प्रिंग दाबायचा जोर चेनमधून येतो. लोबचं नाक, म्हणजे टोक, ओलांडलं की तीच दबलेली स्प्रिंग कॅमला पुढे ढकलते. ताणलेली बाजू क्षणभर सैल पडते आणि हिसका टेन्शनरवर बसतो. चार सिलिंडरमध्ये एक लोब उघडत असताना दुसरा बंद होत असतो, त्यामुळे बरंचसं आपसात मिटतं. तुझ्या सिंगल सिलिंडरमध्ये ती सोय नाही.

आता तुझे आकडे. समजा स्प्रिंगचा दर मिलिमीटरला २० न्यूटन आहे. लिफ्ट २ मिमी वाढली की स्प्रिंग न बदलताही नाकावर ४० न्यूटन जास्त दाब येतो. कडक स्प्रिंगेचा भार त्याच्यावर वेगळा. साडेसातवरून नऊ हजार म्हणजे वेग १.२ पट, पण जडत्वाचा जोर वर्गाने वाढतो, म्हणजे १.४४ पट. चेनचा स्वतःचा फेकला जाण्याचा ताणही तसाच वाढतो.

एक गोष्ट लोक विसरतात. वरच्या आरपीएमला नाकाजवळ वॉल्व्हचं जडत्व स्प्रिंगेचा काही दाब खाऊन टाकतं. आयडलवर तसं काही होत नाही, स्प्रिंगेचा पूर्ण हिसका लागतो. सीताबर्डीच्या सिग्नलवर उभी असलेली गाडी चेनला आराम देत नाही. म्हणून स्प्रिंग तेवढीच कडक घे, जेवढ्यात नऊ हजारांना वॉल्व्ह तरंगणार नाही, म्हणजे कॅमची साथ सोडणार नाही. त्याच्यावर घेतलेला प्रत्येक किलो रोज चेनवर आणि लोबवर बसेल.

उमरेड_रोड_रायडर
मॅन्युअल टेन्शनर, बोल्टने हातानं आवळायचा, बसवून घे भाऊ, विषय संपला. जुन्या बुलेटवाल्यांचं बरं आहे, तिथे कॅमला गिअरच आहेत.

हिंगणा_लेथ
@उमरेड_रोड_रायडर, रेसच्या गाडीला मॅन्युअल ठीक आहे, ती प्रत्येक वेळी उघडून पाहिली जाते. रोजच्या गाडीला मी देत नाही. अ‍ॅल्युमिनियम स्टीलच्या जवळपास दुप्पट पसरतं. अ‍ॅल्युमिनियमचं बॅरल-हेड तापलं की स्टीलची चेन आपोआप ताणते. सकाळी थंड इंजिनवर आवाज बंद होईपर्यंत बोल्ट आवळला, तर दुपारी तीच चेन गाइडची पट्टी खाऊन राहते. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ च्या वर जातो, एअरकूल्ड इंजिनचं काय होत असेल विचार कर.

मानेवाडा_२२३
दादा, चेन वाढली हे इंजिन न उघडता कसं कळेल? आणि थोडी वाढली तर काय बिघडतं?

हिंगणा_लेथ
टेन्शनर बाहेर काढ, रॅचेटचे किती दात निघालेत ते मोज. बहुतेक दात संपले असतील तर चेन गेली समज. चेनची पट्टी रबरासारखी लांबत नाही, पिना आणि बुश झिजतात. प्रत्येक सांध्यात थोडं, मिळून बरंच.

हिशेब करून दाखवतो. चेनची पिच, म्हणजे दोन पिनांमधलं अंतर, ६.३५ मिमी, कॅम स्प्रॉकेट ३४ दातांचं, म्हणजे घेर सुमारे २१६ मिमी. ताणलेली बाजू २४० मिमी धर. अर्धा टक्का झीज म्हणजे तिथे १.२ मिमी. कॅम २ अंश मागे पडला, क्रँकवर ४ अंश. खालचा ओढ कमी होतो, ते एक. जास्त महत्त्वाचं म्हणजे कॅम मागे पडला की एक्झॉस्ट वॉल्व्ह उशिरा बंद होतो आणि वर येणाऱ्या पिस्टनच्या जवळ जातो. इनटेक उलट लांब जातो. त्यामुळे क्रँकवर डिग्री व्हील (अंशांची चकती) लावून वॉल्व्ह आणि पिस्टनमधला क्लिअरन्स मोजशील तेव्हा इनटेकला दीड मिमी आणि एक्झॉस्टला किमान २ मिमी ठेव. जास्त लिफ्टच्या कॅमवर हा अर्धा मिमी इंजिन वाचवतो.

पूर्ण लिफ्टला स्प्रिंगेचे वेटोळे एकमेकांना टेकत नाहीत ना, हेही बघ. सगळे मिळून १ मिमीच्या आसपास फट राहू दे. स्प्रिंगेवरची टोपी, म्हणजे रिटेनर, वॉल्व्ह गाइडच्या सीलवर आपटत नाही ना, तेही.

चेन, दोन्ही पट्ट्या आणि टेन्शनर एकाच वेळी नवे टाक, चांगल्या कंपनीचे. आणि एअरबॉक्स काढून ओपन फिल्टर लावला असशील तर काढ. कोराडी-खापरखेड्याच्या वीजकेंद्रांकडची बारीक राख आत गेली की ऑइलमध्ये उतरते आणि पिना घासते. ऑइल मॅन्युअलमध्ये सांगितलेल्या ग्रेडचंच ठेव, फक्त उन्हाळ्यात लवकर बदल.

मानेवाडा_२२३
फिल्टर ओपनच आहे दादा, उद्याच एअरबॉक्स परत बसवतो. स्प्रिंगा बसवायच्या आधी दाब मोजून घ्यायचा आहे, तुमच्याकडे होईल का?

हिंगणा_लेथ
होईल. स्टॉकच्या जुन्या स्प्रिंगाही सोबत आण, दोन्हींचा दाब बसलेल्या उंचीला आणि पूर्ण लिफ्टला मोजू. कॅमचं कार्डही, लिफ्ट-टायमिंगचे आकडे असलेलं, आण.