बाल्टिमोरची ती बंद खोली: ‘होमिसाइड’चं गारूड नक्की कशात आहे?

पिंपळपान:

पोलिसी मालिका बघताना आपण एक गोष्ट धरूनच चालतो, की शेवटच्या पाच मिनिटांत गुन्हेगार सापडणार. ३१ जानेवारी १९९३ ला अमेरिकेत एनबीसीवर सुरू झालेल्या ‘होमिसाइड: लाइफ ऑन द स्ट्रीट’ने प्रेक्षकांची ही सवयच मोडली. सात सीझन आणि १२२ भागांनंतरही माझं मन रमतं ते याचसाठी.

डेव्हिड सायमन हा ‘बाल्टिमोर सन’ या वृत्तपत्राचा वार्ताहर. १९८८ साली तो वर्षभर तिथल्या खून तपास पथकासोबत वावरला. त्यावर त्याने १९९१ मध्ये पुस्तक लिहिलं आणि त्या पुस्तकावरून ही मालिका झाली. बाल्टिमोरची वस्ती तेव्हा सात लाखांच्या आसपास होती, आणि त्या दशकात शहरात दर वर्षी तीनशेच्या वर खून पडत होते. पथकाच्या भिंतीवर एक पांढरा फळा आहे. त्यावर प्रत्येक डिटेक्टिव्हच्या नावाखाली त्याच्याकडच्या मृतांची नावं असतात. उलगडा झाला की नाव काळ्या शाईत येतं, नाही झाला तर लालच राहतं.

पहिल्या सीझनमध्ये अडीना वॉटसन नावाच्या अकरा वर्षांच्या मुलीचा खून होतो. केस टिम बेलिसकडे येते, तो पथकात अगदी नवा. संशयित आहे रिझली टकर, घोडागाडीवरून फळं विकणारा म्हातारा. ‘थ्री मेन अँड अडीना’ हा भाग जवळपास पूर्णपणे चौकशीच्या खोलीत घडतो. या खोलीला ते ‘बॉक्स’ म्हणतात. पोलिसांच्या हातात फक्त बारा तास असतात. पथकातला मुरलेला डिटेक्टिव्ह पेंबल्टन आणि बेलिस आलटून पालटून टकरला घेरतात, कधी गोड बोलतात, कधी अंगावर जातात. मग हळूहळू पारडं फिरतं आणि म्हाताराच या दोघांना सोलून काढायला लागतो. पेंबल्टनला त्याच्या काळेपणावरून टोचतो, बेलिसच्या मनातला अंधार उघडा पाडतो. शेवटी तो कोसळतो, मुलीवर आपला जीव होता हे कबूल करतो, पण खून केला असं काही म्हणत नाही. बारा तास संपतात. इतका वेळ ठाम असलेल्या बेलिसची खात्री डळमळते, आणि पेंबल्टनची नेमकी तेव्हा पक्की होते. अडीनाचं नाव लालच राहतं.

टॉम फोंटानाला या भागाच्या लेखनासाठी एमी हे टीव्हीचं मानाचं पारितोषिक मिळालं. मोझेस गनने उभा केलेला टकर तर मी विसरूच शकत नाही. गुन्हा उलगडलाच पाहिजे हा हट्ट सोडल्यामुळे माणसं उलगडतात, असं मला मनापासून वाटतं. तुम्हाला काय वाटतं?

तळटीप:

पूर्ण असहमत. मी फौजदारी वकिली करतो, आणि तुम्ही वर्णन केलेली खोली बघताना माझ्या अंगावर काटा येतो, तो कौतुकाचा नव्हे.

ही मालिका कबुलीजबाबाची पूजा करते. पहिल्याच भागात पेंबल्टन बेलिसला समजावतो की आपण इथे चौकशी करत नाही, विक्री करतो. गिऱ्हाइकाला काडीचा उपयोग नाही असा माल, म्हणजे लांबलचक तुरुंगवास, त्याच्या गळ्यात मारतो. पेंबल्टन साकारणाऱ्या आंद्रे ब्रॉवरचा आवाज असा आहे की आपण टाळ्या वाजवतो. पण टाळी कशाला वाजली ते बघा. माणसाला थकवून आणि फसवून त्याने वकील मागू नये अशी व्यवस्था करायची, ही ती कला. पोलिसांनी संशयिताशी खोटं बोललं तरी कबुली बाद होत नाही, असं अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९६९ मध्येच म्हणून ठेवलंय.

आपल्याकडे १८७२ च्या पुरावा कायद्याच्या कलम २५ नुसार पोलिसासमोर दिलेली कबुली आरोपीविरुद्ध वापरताच येत नाही. नव्या साक्ष अधिनियमातही ती तरतूद कायम आहे. इंग्रजांनीसुद्धा त्यांच्याच पोलिसांवर एवढा विश्वास टाकला नव्हता! तुम्ही म्हणता माणसं उलगडतात. मला मात्र तिथे एक दारुडा, गरीब म्हातारा बारा तास भरडला जाताना दिसतो, आणि कॅमेरा सगळा वेळ भरडणाऱ्यांच्या बाजूने बसलेला असतो.

पिंपळपान:

तुमचा मुद्दा वजनदार आहे, पण मालिकेला तो माहीत नाही असं कृपया म्हणू नका. दुसऱ्या सीझनमधला ‘ब्लॅक अँड ब्लू’ बघा. एका तरुणाच्या मृत्यूमागे पोलिसाचीच गोळी असावी, असं पेंबल्टनला वाटतं. त्याचा वरिष्ठ जिआर्डेलो पथक बदनाम होऊ नये म्हणून त्याला पोलिसांबाहेरच्या संशयिताकडे वळवू पाहतो. तेव्हा पेंबल्टन एका निर्दोष पोराला बॉक्समध्ये नेतो आणि केवळ जिभेच्या जोरावर त्याच्याकडून खुनाची कबुली वदवून घेतो. ते पोर अपराधाच्या ओझ्याने रडत सही करतं. पेंबल्टन तो कागद जिआर्डेलोसमोर ठेवतो: हेच हवं होतं ना तुम्हाला? जिआर्डेलो कागद फाडून टाकतो.

या प्रसंगात ‘विक्री’चं खरं रूप आपल्या तोंडावर फेकलंय. १९९४ साली, तेही रात्री दहाच्या व्यावसायिक वाहिनीवर, नायकाच्या सगळ्यात मोठ्या गुणाला सगळ्यात मोठा धोका म्हणून दाखवायला धाडस लागतं.

चौथी_सीट:

मेरीलँडमध्ये राहते म्हणून थोडी भर. बाल्टिमोरमधल्या फेल्स पॉइंटच्या धक्क्यावरच्या ज्या जुन्या इमारतीत पोलीस ठाणं दाखवलंय, तिथे आता महागडं हॉटेल आहे. बाकी मला तरी या मालिकेची ओढ आधी डोळ्यांना लागते. खांद्यावरचा सुपर १६ फिल्मचा कॅमेरा, उडवलेले रंग, आणि एकच वाक्य लागोपाठ दोन-तीनदा वेगवेगळ्या कोनांतून तोडून दाखवणं. सगळं शहर हिवाळ्यात न्हालेलं. आणि गप्पा! प्रेताशेजारी उभं राहून हे लोक जेवायचं काय ते ठरवतात. ते क्रूर वाटत नाही, खरं वाटतं. गाण्यांच्या हक्कांपायी मालिका कित्येक वर्षं स्ट्रीमिंगवर नव्हती, २०२४ मध्ये आली एकदाची.

तळटीप:

‘ब्लॅक अँड ब्लू’ पाहिलाय, आणि तो उत्तम आहे यात वाद नाही. पण एका भागात धोका दाखवायचा आणि बाकी कित्येक भागांत तीच युक्ती वापरून फळ्यावरची नावं काळी करायची, याला काय म्हणायचं? खोट्या कबुलीचा भाग प्रेक्षकाला अपवाद वाटतो आणि बाकीच्या कबुल्या खऱ्या वाटतात. माझी भीती हीच आहे. आपल्याकडेही १९९९ च्या मकोकात, म्हणजे संघटित गुन्हेगारीविरोधी कायद्यात, एसपी आणि त्यावरच्या अधिकाऱ्यासमोरची कबुली ग्राह्य धरली, आणि ‘हुशार अधिकारी योग्य माणसालाच बोलतं करतो’ हा विश्वास समाजात आधीपासून होताच. असा विश्वास तयार करण्यात पडद्यावरच्या पेंबल्टनांचा वाटा असतो.

सांजवारा:

दोघांशीही थोडं भांडते. तुम्ही पहिल्या दोन सीझनबद्दल बोलताय, म्हणजे नऊ अधिक चार, जेमतेम तेरा भाग. पुढे काय झालं? नेड बीटी हा नट मालिका सोडून गेला, मग मेलिसा लिओ गेली, आणि वाहिनीच्या दबावाखाली गोळीबार आणि देखणे चेहरे वाढले. मेलिसा लिओची डिटेक्टिव्ह के हॉवर्ड काय सुंदर पात्र होतं! तिच्या नावाखाली एकही लाल नाव नाही, आणि तो चोख हिशोब टिकवण्याचं दडपण तिच्या चेहऱ्यावर दिसायचं. फळ्याची खरी शोकांतिका तिथे होती, कारण आकडा सांभाळायचा म्हटलं की तपास वाकतो. ती गेली आणि तो धागाच तुटला. सातव्या सीझनमध्ये तर ब्रॉवरही नव्हता. तो तर मी अर्ध्यात सोडला.

पिंपळपान:

सातव्याबद्दल मान्य. पण चौथ्याच्या शेवटी पेंबल्टनला बॉक्समध्येच, चौकशी चालू असताना, पक्षाघाताचा झटका येतो. पाचव्या सीझनमध्ये तो शब्दांसाठी चाचपडतो, टेबलावरचं काम करतो, पिस्तुलाच्या परीक्षेत नापास होतो. ज्याचं हत्यार जीभ, त्याची जीभच काढून घेतली. असं घसरणीच्या काळात कोण लिहितं? ब्रॉवरला १९९८ चं एमी मिळालं ते उगाच नाही.

तळटीप:

ब्रॉवरबद्दल वाद घालणार नाही, आणि के हॉवर्डबद्दल सांजवाराशी शंभर टक्के सहमत. मला विचाराल तर या मालिकेतला सर्वांत प्रामाणिक भाग १९९७ चा ‘सबवे’. एक माणूस फलाट आणि गाडी यांच्यामध्ये अडकलाय. शुद्धीवर आहे, पण गाडी हलवली की मरणार. पेंबल्टन त्याच्याशी बोलत बसतो, भांडतोसुद्धा. इथे तो काहीही विकत नाही, त्या माणसाकडून सही घ्यायची नाही. तीच जीभ, पण समोरच्याला एकटं पडू न देण्यासाठी वापरलेली. तुमचं गारूड मला तिथे मान्य आहे. टकरच्या खोलीबद्दल मात्र माझं मत आहे तेच राहील: त्या बारा तासांत टकरच्या शेजारी एक वकील बसलेला असायला हवा होता.