शेडखालचा कोबा: तुमचं बजेट कुठं हललं? अनुभव सांगा

औसा, लातूर

नमस्कार मंडळी. शेतात ट्रॅक्टर आणि गाडीसाठी 20 बाय 15 ची पत्र्याची शेड करतोय. पत्रे, अँगल यांचा हिशोब लागला, खालच्या कोब्याचं मात्र जो तो वेगळंच सांगतोय. मी माझा हिशोब केला तो असा, 300 स्क्वेअर फूट आणि 4 इंच जाडी म्हणजे बरोबर 100 घनफूट, म्हणजे एक ब्रास काँक्रीट. एम20 म्हणजे सिमेंट, वाळू, खडी एकास दीडास तीन धरलं तर 23 गोणी सिमेंट, खडी पाऊण ब्रासच्या थोडी वर, क्रश सँड (दगड भरडून केलेली वाळू) अर्ध्या ब्रासच्या आत. गोणी 340 ला पडतेय, मजुरी आणि मिक्सर 12 हजार, सगळं मिळून 25 हजार होतायत. पण गावात ज्यांनी ज्यांनी केलंय ते सगळे म्हणतात एवढ्यात होत नाही, आणि का होत नाही ते कोणी नीट सांगत नाही. जमीन काळी आहे. ज्यांनी गाडीची शेड, गोठा, गोडाऊन काहीही केलंय त्यांनी आकड्यांसकट लिहा प्लीज, नुसतं "खूप खर्च येतो" नको.

सेलू, परभणी

काळी जमीन आहे म्हणालात म्हणून सविस्तर लिहितो, कारण यात मी दोनदा पैसे घातलेत.

2018 ला 18 बाय 20 ची शेड केली. मिस्त्री म्हणाला दगडाचा एक थर टाकू, वर 4 इंच कोबा, बास. तसंच केलं. पहिल्या पावसाळ्यात काही झालं नाही, मी निर्धास्त. पुढच्या उन्हाळ्यात आमच्या रानाला हात जाईल अशा भेगा पडल्या आणि कोब्याला पण मधोमध एक केसासारखी चीर आली. पाऊस पडला तशी काळी माती फुगली आणि कोपरा वर उचलला, एवढा की शेडचं दार खाली घासायला लागलं. तिसऱ्या वर्षी चिरेत रुपयाचं नाणं उभं राहायचं. ट्रॅक्टर आत घेताना चाकाखाली तुकडा खालीवर हलायचा, तो दबका आवाज अजून कानात आहे.

2021 ला सगळं फोडलं. ब्रेकर आणि राडारोडा उचलायलाच 9 हजार गेले. मग जेसीबीनं 2 फूट काळी काढून लांब टाकली आणि मुरूम भरला. इथं नीट बघा, 360 स्क्वेअर फूट गुणिले 2 म्हणजे 720 घनफूट, म्हणून मी 7 ब्रास मुरूम सांगितला. पाणी मारून, सहा-सहा इंचाचे थर देऊन दाबला तर 7 ब्रास दीड फुटातच संपला. शेवटी साडेनऊ ब्रास लागला. डंपरमधला मुरूम सुटा असतो, दाबल्यावर बसतो, तेव्हा मापापेक्षा पाव ते तिसरा हिस्सा जास्तच धरा. वर 9 इंच दगडाचं सोलिंग, फटीत मुरूम, परत पाणी, परत दाबणी. वरच्या 5 इंच काँक्रीटला 27 हजार आले आणि काँक्रीटच्या खाली जे गेलं त्याला 30 हजार. तुमच्या हिशोबात हे खालचं काहीच नाहीये दादा. तेच तुम्हाला गावातले सांगतायत.

आता चार वर्षं होऊन गेली, एक चीर नाही.

छत्रपती संभाजीनगर

साइटवर काम करतो. सेलूच्या दादांनी खालचं सगळं बरोबर सांगितलंय, मी वरचं सांगतो. नुसती कार असेल तर 4 इंच चालतं पण भरलेली ट्रॉली आत येणार असेल तर 5 च्या खाली जाऊ नका. 300 स्क्वेअर फुटाला 5 इंच म्हणजे 28 गोणी, 6 इंच म्हणजे 34. सळई 8 एमएमची, दोन्ही बाजूंनी फुटाफुटावर टाकली तर 76 किलो भरते, जोड आणि कट धरून 80 सांगा. आणि सळईखाली कव्हर ब्लॉक, म्हणजे तिला वर धरणारे छोटे ठोकळे, ठेवून घ्या हो, नाहीतर बिगारी तिच्यावरूनच घमेली घेऊन चालतात, जाळी खाली मातीला टेकते आणि तेवढे पैसे सरळ वाया. जाळी जाडीच्या वरच्या भागात राहिली तरच चीर धरून ठेवते.

अजून एक, कोबा एकसंध ओतून सोडू नका. 10 बाय साडेसात चे चार भाग पाडा, दुसऱ्या दिवशी कटरनं जाडीच्या पाव भागाइतका खोल कट मारला की झालं. काँक्रीट आकसतंच, त्याला चिरायला सरळ रेघ दिली नाही तर ते वाकडंतिकडं चिरतं. कटरवाला अर्ध्या दिवसाचे पैसे घेतो, ते हिशोबात लिहून ठेवा. सिमेंटचे जुने कोटेशन असेल तर नवीन घ्या, सप्टेंबर 2025 पासून जीएसटी 28 चा 18 टक्के झालाय.

कागल, कोल्हापूर

आमचा गोठ्याचा अनुभव आहे, शेडचा नाही, पण कोबा तो कोबाच. रोजगार हमीतून 2 ते 6 जनावरांच्या गोठ्याला 77,188 रुपये मंजूर झाले त्यातून केला, वरचे घरातून घातले. मिस्त्री चांगला होता, त्यानं मन लावून घोटाई केली, कोबा असा चकचकीत की सगळे बघायला यायचे. सासूबाई तेवढ्या म्हणाल्या, अगं यावर म्हैस उभी कशी राहायची. पंधरा दिवसांत गाभण म्हैस मुतावरून घसरली, मागचे दोन्ही पाय दोन दिशांना गेले आणि ती उठेना. आम्ही सहा जणांनी पोटाखाली पोती घालून उचलली. वासरू वाचलं, म्हैस महिनाभर लंगडत होती. नंतर छिन्नीनं सगळीकडं टाचे मारून घेतले, त्याची मजुरी वेगळी, आणि दोन रबरी मॅट घेतल्या, 2,200 ला एक. ओलं असतानाच खराट्यानं खरबरीत केलं असतं तर एक रुपया लागला नसता.

आणि उतार आधीच सांगा, 10 फुटाला 3 इंच. गाडीच्या शेडलापण थोडा उतार हवाच, पावसात गाडीबरोबर पाणी आत येतं.

देवगड

कोकणातलो अनुभव. आमच्याकडे खाली जांभा, त्यामुळे भरावाचा प्रश्न नाही, पण घर वरच्या वाडीत आणि डंपर खाली रस्त्यावरच थांबतो. खडी, वाळू, 24 गोणी सिमेंट सगळं 200 फूट चढावर डोक्यावरून. चार माणसं दीड दिवस. कोटेशनमध्ये ही ओळच नव्हती आणि कंत्राटदाराने नंतर मागितली, आम्हाला द्यावीच लागली. माल कुठे उतरवणार आणि तिथून कोण वाहणार हे लिहून घ्या. दुसरं, काम मेच्या शेवटावर ढकलू नका. आमचं ओतून झालं आणि रात्री वळीव आला, वरचं सगळं सिमेंट धुऊन खडी उघडी पडली.

पुणे, हडपसरच्या पुढे

आम्ही रेडीमिक्स, म्हणजे प्लांटवर कालवून गाडीतून येणारं काँक्रीट, मागवलं. तीन घनमीटर लागणार होतं पण गाडी सहाची येते, कमी माल घेतला तर भाडं वेगळं लावतात, म्हणजे घनमीटरचा रेट दिसायला स्वस्त आणि बिल भलतंच. शेवटी शेजाऱ्यांनी पण पार्किंग करायचं ठरवलं आणि एकाच गाडीत दोघांचं भागवलं. फाटकातून गाडी आत जात नव्हती म्हणून हातगाड्यांनी ओढावं लागलं, त्यात वेळ गेला, माल घट्ट व्हायला लागला आणि ड्रायव्हरनं पाइप लावून पाणी सोडलं. त्याला थांबवायला हवं होतं, आम्हाला कळलं नाही. वर्षभरात वरून पावडर निघायला लागली, झाडू मारला की पांढरी धूळ.

मिसिसागा, कॅनडा

इकडचं गणित वेगळं आहे पण प्रकार तोच. 20 बाय 20 चं गॅरेज, 4 इंच, पाच घनयार्ड काँक्रीट. इथे गॅरेजच्या फ्लोअरला 32 एमपीए मजबुतीचं आणि त्यात 5 ते 8 टक्के हवेचे बारीक बुडबुडे मुद्दाम ठेवलेलं काँक्रीट लागतं, कारण हिवाळ्यात गाडीखालून रस्त्यावरचं मीठ आणि बर्फाचं पाणी टपकतं, ते आत मुरून गोठलं की वरचा थर पापुद्र्यासारखा सुटतो. आम्हाला पण सगळ्यात जास्त पैसे जुनं फोडण्यात आणि खालच्या खडीत लागले.

सांगोला

पाणी कोणी धरलंच नाही! आमच्याकडे एप्रिलमध्ये केलं, विहीर तळाला. क्युरिंगला, म्हणजे कोबा ओला ठेवायला, टँकर घ्यावे लागले, 900 ला एक, असे चार. मिस्त्री म्हणाला तीन दिवस मारा, आम्ही दहा दिवस मारलं कारण हल्ली दुकानात बहुतेक पीपीसी (राख मिसळलेलं) सिमेंटच मिळतं आणि त्याला दहा दिवस हवेतच. कडेनं मातीची आळी करून पाणी तुंबवलं की दिवसाला एकदा भरलं तरी चालतं, वर गोणपाट टाकलं तर अजून कमी लागतं.

औसा, लातूर

सगळ्यांचे मनापासून आभार. रात्री बसून परत मांडणी केली. जेसीबी आणि काळ्या मातीची वाहतूक 5,200, मुरूम 8 ब्रास 10,400, सोलिंग दगड आणि मजुरी 9 हजार, रोलर अडीच हजार. वर 5 इंच काँक्रीट 28 गोणीचं, सळई 80 किलो, काँक्रीटखाली अंथरायचं प्लॅस्टिक, मजुरी धरून 33 हजार. 60 झाले, वर कटर, पाणी आणि अडीनडीला 6 हजार. म्हणजे 25 चे 66. एकदम होणार नाही, म्हणून घरात बोलून ठरवलं की यंदा पत्रे थांबवायचे आणि मुरूम भरून एक पावसाळा तसाच बसू द्यायचा. ट्रॅक्टर आणखी एक वर्ष ताडपत्रीखाली राहील. सोमवारी जेसीबी सांगितलाय, 8 ब्रास पुरला का नाही ते इथंच लिहितो.