बीफचे कट्स ओळखायला शिकायचंय, नागपुरात सुरुवात कुठून करू?

महालकर: नमस्कार मंडळी. हॉटेल मॅनेजमेंट झालंय. ऑस्ट्रेलियातल्या एका मीट प्लांटसाठी महिन्याभराने तोंडी परीक्षा आहे. तक्ते पाहून नावं घोकली, पण तुकड्याचा फोटो समोर आला की डोकं बंद. कॉलेजात कोंबडी न् बकऱ्यापलीकडे काही हाताळलं नाही. २०१५ पासून आपल्याकडे बैल कापायलाही बंदी, म्हणजे बघायची सोय नाही. काय करू?

इतवारीचा_खाटीक: नावं घोकून काय करून राहिला बाप्पा? हाडं शीक! बकऱ्याचं अर्धं धड घे. त्यालाही बैलासारख्याच १३ बरगड्या. दस्तीत, म्हणजे पुढच्या पायात, पंख्यासारखं चपटं हाड सापडलं की तो चक-ब्लेडचा, म्हणजे खांद्याचा भाग. सीना म्हणजे ब्रिस्केट. चाप म्हणजे रिब (बरगड्या) आणि लॉइन (कंबर). रान, म्हणजे मागचा पाय, सोलशील तेव्हा आतल्या बाजूला टॉपसाइड, बाहेरच्या बाजूला सिल्व्हरसाइड, पुढे नकल (knuckle).
आता खरी गंमत. कमरेच्या मणक्याखाली, पोटाच्या बाजूने, बोटाएवढी पट्टी लपलेली असते. तोच अंडरकट, तुमचं टेंडरलॉइन. त्या स्नायूला चालताना फारसं काम नाही, म्हणून लोण्यासारखा मऊ. मान आणि नळी दिवसभर राबतात, ती चिवट. फोटोत टी आकाराचं हाड दिसलं की समज कमरेचा मणका: एका अंगाला स्ट्रिपलॉइन (मणक्याच्या वरच्या बाजूचा स्नायू), दुसऱ्या अंगाला अंडरकट.

डॉक्टरीण_ताई: वरच्या दादांशी सहमत. सेमिनरी हिल्सच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात मी शिकले. तिथल्या शरीररचना विभागात रीतसर अर्ज देऊन सांगाडा बघता येतो का, विचार. मानेचे ७ मणके, बरगड्यांचे १३, कमरेचे ६, हे बोटाने मोजून ये. म्हशीचा सांगाडा मिळाला तरी चालेल, बरगड्या तेवढ्याच.

परतवाडा_ते_पर्थ: नावांत फसू नकोस भाऊ, मी फसलो होतो. अमेरिकन ज्याला सरलॉइन म्हणतात त्याला इथे ऑस्ट्रेलियात रंप म्हणतात, आणि इंग्रजांचं सरलॉइन म्हणजे अमेरिकेचं शॉर्ट लॉइन! अमेरिकन तक्त्यात चक पहिल्या ५ बरगड्यांपर्यंत, रिब ६ ते १२, तेरावी लॉइनकडे. ऑस्ट्रेलियात कापाला नंबर असतो: टेंडरलॉइन २१५०, स्ट्रिपलॉइन २१४०, क्यूब रोल (बरगड्यांवरचा बिनहाडाचा स्नायू) २२४०, ब्रिस्केट २३२०. अमेरिकन तक्ता आधी फाडून टाक.

महालकर: फाडला. रविवारी अर्धं धड आणलं, दोन तास एकेक स्नायू सोडवत बसलो. अंडरकट सापडला राजेहो! आईने तेवढ्यात सावजीचा मसाला वाटायला घेतला, त्यामुळे नकल कुठे संपतो ते राहिलंच. दादा, पुढच्या रविवारी दुकानात येऊ का?

इतवारीचा_खाटीक: सकाळी ६ ला ये. गर्दी व्हायच्या आधी.