मदत हवी आहे: भाषांतराला पाठवलेल्या सूचना प्रश्नांसह परत येतायत

खडूफळा
पुण्यात इंजिनीअरिंगच्या मुलांना तांत्रिक संवाद शिकवतो. आमची मुलं इंग्रजीत वापरसूचना लिहितात, बेल्जियममधले भाषांतर शिकणारे विद्यार्थी त्या आपल्या भाषेत नेतात, असा जोडउपक्रम चालू आहे. पण भाषांतर सुरूच होत नाही, नुसते प्रश्न येतात. इंग्रजी दोनदा तपासलंय. सत्र संपत आलंय. त्यांना नेमकं काय पाठवू? लवकर सांगा.

शब्दपारखी
कुठली भाषा? सूचना कशाच्या? प्रश्न कुठल्या पायरीवर अडतात? आणि वापर चाचणी झाली का, म्हणजे कुणाला नुसत्या सूचना वाचून उपकरण चालवायला लावलं का? व्याकरण तपासून यातलं काहीच कळत नाही.

खडूफळा
डच. प्रयोगशाळेतला बेंच पॉवर सप्लाय, म्हणजे हवं ते व्होल्टेज देणारं टेबलावरचं उपकरण. प्रत्येक गटाचा मजकूर 700 शब्दांच्या आसपास. चाचणीला वेळ नव्हता. बहुतेक प्रश्न करंट लिमिट (जास्तीत जास्त किती करंट जाऊ द्यायचा ती मर्यादा) बसवण्याच्या पायरीवर आहेत.

ओहम्‌कार
मग मॉडेल कुठलं ते लिहिलंय का? साध्या नॉबवाल्या सप्लायवर व्होल्टेज कमी ठेवून आउटपुटची दोन टोकं थेट जोडून शॉर्ट करतात आणि करंटचा नॉब फिरवतात. बऱ्याच डिजिटल सप्लायवर आउटपुट बंद असतानाच आकडा टाकता येतो. 'करंट लिमिट सेट करा' एवढंच लिहिलं तर भाषांतर करणारा अडणारच, त्याच्यासमोर यंत्र नाही. मॉडेल क्रमांक, पुढच्या पॅनेलचा फोटो आणि प्रत्येक पायरीनंतर डिस्प्लेवर काय दिसायला हवं, हे आजच पाठवा.

झटपट_मजकूर
एवढं कशाला? डीपएल या भाषांतराच्या सॉफ्टवेअरमधून डच काढून द्या, त्यांनी फक्त सुधारावं.

शब्दपारखी
@झटपट_मजकूर, मुळात गाळलेली पायरी भाषांतराचं सॉफ्टवेअर भरून देत नाही. सफाईदार डचमध्ये तीच अपुरी सूचना मिळेल आणि ती चूक शोधणं आणखी अवघड होईल. शिवाय प्रश्न विचारणं हाच तिकडच्या मुलांचा अभ्यास आहे.

खडूफळा सर, क्रम असा ठेवा. आधी पाच जणांकडून चाचणी. दुसऱ्या शाखेची मुलं घ्या, लिहिणाऱ्यांनी शेजारी बसून बोलायचं नाही, फक्त कुठे थांबले ते टिपायचं. मग मूळ मजकूर दुरुस्त करून गोठवा आणि फाइलच्या नावात आवृत्ती व तारीख घाला. सोबत अर्धं पान माहिती द्या: वाचक कोण, हे कुठे वापरलं जाणार, कुठल्या संज्ञा बदलायच्या नाहीत. प्रश्नांसाठी एकच सामायिक तक्ता: पायरी, प्रश्न, उत्तर, उत्तर देणारा. उत्तर 48 तासांत. उत्तरामुळे मूळ बदललं तर नवी आवृत्ती सगळ्यांना जायला हवी. इथेच बहुतेक गट घसरतात, अर्धं भाषांतर जुन्या मजकुराचं होतं.

चित्रावर शब्द छापू नका, आकडे टाका आणि अर्थ खाली लिहा.

नियमावली
एएसडी-एसटीई100 ही सोप्या तांत्रिक इंग्रजीची नियमावली लावा, निम्मे प्रश्न मिटतील.

शब्दपारखी
तो विमान देखभालीसाठी घडलेला नियमसंच आहे, त्याचा शब्दकोश इथे लादू नका. दोन नियम मात्र जरूर घ्या: सूचनेचं वाक्य 20 शब्दांत आणि सलग तीनपेक्षा जास्त नामांची माळ नाही.

सीमापार
असंच काम ट्रान्स-अटलांटिक अँड पॅसिफिक प्रोजेक्टमध्ये 1999-2000 पासून चालतं. अमेरिकेतल्या ब्रूस मेलथ आणि बेल्जियममधल्या गेंटच्या सोनिया व्हॅन्डेपिटे यांनी सुरू केलं. तिथेही लेखन, मग चाचणी, मग भाषांतर. मुख्यतः शिक्षकांच्या आपसातल्या समजुतीवर चालतं, त्यामुळे वेळापत्रक आधी जुळवावं लागतं. बेल्जियमच्या डच बोलणाऱ्या भागात, फ्लँडर्समध्ये, पहिलं सत्र सप्टेंबरच्या शेवटी सुरू होतं, आपलं जुलै-ऑगस्टला. तुम्ही लेखन ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये आणि चाचणी सप्टेंबरअखेर संपवली तरच ऑक्टोबर भाषांतराला मिळतो.

घड्याळजी
कॉलची वेळही पाहा. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी युरोपचं घड्याळ मागे जातं, फरक साडेतीनवरून साडेचार तासांवर येतो. दुपारी अडीचचा कॉल तिकडे 11 ऐवजी 10 ला पडेल. आमंत्रणात दोन्ही वेळा लिहा.

प्राध्यापिका_सातारा
असा उपक्रम नॅकच्या (महाविद्यालयांचं मूल्यांकन करणाऱ्या संस्थेच्या) अहवालात दाखवायला सामंजस्य करार लागतो का?

ओहम्‌कार
मॅडम, त्यासाठी वेगळा धागा काढा ना.

खडूफळा
फोटो आणि मॉडेल क्रमांक आज पाठवतो. चाचणीला सिव्हिलची मुलं मिळतायत. पण सामायिक तक्त्यात मुलांची नावं, फोन आहेत, ते चालेल?

सीमापार
फोन काढा. जीडीपीआर हा युरोपचा वैयक्तिक माहिती जपण्याचा कायदा 2018 पासून लागू आहे, जोडीदाराला अडचण होईल. गट क्रमांक आणि एकच समन्वयक ईमेल ठेवा.

नियमावली
सर, नामांच्या माळा असलेली दोन-तीन वाक्यं इथे टाका, सुधारून देतो.