डीव्हीडी प्लेअर ग्राफिक कार्डाला जोडला, चित्रच येईना

नांदेडकर:
भावांनो, बहिणीच्या लग्नाची डीव्हीडी हाय, टीव्ही बिघडलाय म्हणून प्लेअरची एचडीएमआय वायर सरळ कॉम्प्युटरच्या ग्राफिक कार्डात खुपसली तर मॉनिटरवर काहीच येईना. कार्ड गेलं का काय? आई सकाळपासून विचारायली, लागलं का लग्न म्हणून.

परभणीचा गडी:
कार्डाला काही झालं नाही. त्यातून चित्र बाहेर पडतं, आत जात नाही, अन् प्लेअरचंबी तसंच. दोन्हीकडं नळच, बादली कुठंय? मॉनिटरला एचडीएमआय असंल तर प्लेअर थेट तिथं लाव. मॉनिटरला स्पीकर नसतील तर आवाजाची वायर वेगळी काढावी लागंल.

लातूरकर:
कॉम्प्युटरमधीच घ्यायचं असंल तर यूएसबी कॅप्चर कार्ड (बाहेरचं चित्र कॉम्प्युटरात आत घेणारं यंत्र) घ्या, पिवळी पिन चित्राची, लाल-पांढरी आवाजाची, मग ओबीएस या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमधी दिसतंय. सेटिंग पाल (PAL, आपल्याकडची व्हिडिओची पद्धत) ठेवा, 720 बाय 576 पिक्सेल, एनटीएससी (अमेरिकेकडची पद्धत) राहिलं की चित्र काळंपांढरं नाहीतर वरखाली पळतं, माझे दोन तास त्यातच गेले. पण एवढा कुटाणा कशाला? यूएसबीचा डीव्हीडी ड्राइव्ह लावा अन् व्हीएलसी या व्हिडिओच्या सॉफ्टवेअरात बघा की.

नांदेडकर:
मॉनिटरला लावलं, लागलं लग्न! आवाज नाही, पण आई म्हणायली, बँड नाही ऐकला तरी चालतंय.