मदत हवी आहे: कॅन्सर नसताना ऑपरेशन, कोणी केलं आहे का?

नमस्कार. मी दारव्हा तालुक्यातली, वय ३६, दोन लेकरं. माय अंडाशयाच्या कॅन्सरनं गेली, मोठ्या बहिणीला ४१व्या वर्षी स्तनाचा निघाला. तिच्या तपासणीत बीआरसीए-१ जीनमध्ये दोष सापडला (हा दोष घराण्यातून येतो, त्यानं स्तनाच्या आणि अंडाशयाच्या कॅन्सरचा धोका वाढतो), मग माझीही रक्ततपासणी केली. माझ्यातही तोच.

डॉक्टर म्हणतात, असा दोष असलेल्या १०० बायांपैकी साधारण ६० ते ७० जणींना आयुष्यात कधीतरी स्तनाचा कॅन्सर होतो. लेकरं झाली असतील तर ३५ ते ४० मध्ये अंडाशय आणि नळ्या काढून टाकाव्या. स्तनांचं ऑपरेशन किंवा दरवर्षी एमआरआय, हे मी ठरवायचं.

सासूबाई म्हणतात, दुखत नाही, गाठ नाही, मग कापायचं कायले? त्यांचंही चुकत नाही. पण मायचे शेवटचे चार महिने मी पाहिले आहेत.

अंडाशय काढल्यावर पाळी एकदम बंद होते. त्यानंतर कपाशी वेचायला, निंदणाला किती दिवसांनी जाता आलं? हाडं दुखतात का? महात्मा फुले योजनेत असं आधीच केलेलं ऑपरेशन बसतं का? नागपूर किंवा सेवाग्रामला कोणी केलं असेल तर कृपया सांगा. बहिणीच्या पोरीची तपासणी कोणत्या वयात करावी, तेही.