पावसात कुंडीतली रोझमेरी काळी पडतेय, मदत हवी आहे

मी बेळगावात शहापूरला राहते. गेल्या दिवाळीत भावानं बंगळूरहून रोझमेरीचं रोप आणलं. मेअखेरपर्यंत वीतभराचं हातभर झालं होतं. बटाट्याच्या काचऱ्यांवर चार पानं टाकली की घरभर वास. आईला फार आवडतात, म्हणून जास्त जीव लागलाय.

आर्द्रा लागल्यापासून इथं नुसती झड आहे. खालची पानं पिवळट होऊन काळी पडताहेत, शेंड्यांनी माना टाकल्यात. तहानलं असेल समजून मी आठवडाभर रोज तांब्याभर पाणी घातलं. काल बोट खुपसलं तर दोन पेरं खाली माती चिकट ओली! कुंडी आठ इंची, प्लास्टिकची, खाली ताटली. कोकोपीटमध्ये (नारळाच्या काथ्याच्या भुश्यात) तांबडी माती आणि बरंच शेणखत घातलंय. उपडी करून बघितली तर तळाची मुळं तपकिरी, हात लावला की साल सुटते, कुजका वास येतो. वरची मुळं अजून पांढरी आहेत. तीन फांद्यांपैकी एकच हिरवी.

आत्ता भर पावसात कुंडी बदलू, की उघडीप बघू? हिरव्या फांदीची काडी लावली तर जगेल का? कृपया लवकर सांगा.

प्रतिसाद

ताई, उघडिपीची वाट बघू नका. मी खानापूरला आहे, इथं तुमच्यापेक्षा जास्त पाऊस, तरी माझं झाड टिकलंय. हे भूमध्य समुद्राकाठचं झाड. तिकडं उन्हाळा कोरडा, पाऊस थंडीत. आपल्याकडं उबेत चार महिने ओल, त्यात मुळं गुदमरतात. मुळं कुजली की पाणी वर चढत नाही, म्हणून ओल्या मातीतही झाड तहानल्यासारखं दिसतं.

कुजलेली मुळं स्वच्छ कात्रीनं कापा. आमच्याकडची बिनरंगाची भाजलेल्या मातीची कुंडी घ्या, तिच्या अंगातून ओल सुटते. निम्मी माती, निम्मी जाड वाळू आणि विटेचे बारीक तुकडे. कोकोपीट नको, खत आत्ता अजिबात नको. ताटली काढा, कुंडी दोन विटांवर ठेवा. पावसाआड पण उजेडात, वारं खेळेल अशा जागी. पाणी वरची दोन बोटं माती सुकल्यावरच.

काडी आजच लावा, मूळ झाड दगावलं तरी हाताशी राहील. चार बोटं लांब कोवळा शेंडा, खालची पानं काढून ओलसर वाळूत. दोन-चार लावा, सगळ्या धरत नाहीत. जुन्या उघड्या लाकडाला फूट येत नाही, तिथं छाटू नका.

धागाकर्ती

दादा, खूप आभार. तीन काड्या लावल्या, ताटली काढली. कुंडी शनिवारच्या बाजारातून आणते. गच्चीवर जिन्याच्या पत्र्याखाली सकाळचं दोनच तास ऊन येतं. पावसाळ्यापुरतं तेवढं चालेल का?

प्रतिसाद

पावसाळ्यापुरतं चालेल. दसऱ्यानंतर मात्र उघड्यावर न्या, सहा तास तरी ऊन हवं. एकदम नको, आठवडाभर थोडं थोडं वाढवत.